फॉर्म भरून देणं म्हणजे लाड करणं? – 'करदाता' यांना उत्तर

निळी शाई

परवा 'करदाता' यांनी लिहिलं की योजनांची सगळी माहिती मोबाइलवर आहे, ज्याला खरंच गरज आहे तो शोधून काढतोच, आणि दुसऱ्यांचे फॉर्म भरून देणारे लोक आयतेपणाला खतपाणी घालतात. गप्प बसणार होते. पण खाली 'अगदी बरोबर बोललात'ची रांग लागलेली पाहिली आणि राहवलं नाही.

मी शाळेत लेखनिक होते. निवृत्त झाल्यावर सहा वर्षं दर रविवारी समाजमंदिरात टेबल टाकून बसते. पैसे घेत नाही, चहा घेते.

मागच्या महिन्यात एक बाई आल्या. कॅरीबॅगच्या आत कॅरीबॅग, त्यात रेशनकार्ड, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, तीन फोटो (एक नवऱ्याचाच) आणि शेजारणीचं लाइट बिल. लाइट बिल का, तर कुणीतरी 'लाइट बिल लागतं' म्हणालं होतं आणि यांच्या घरी मीटरच नाही. संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या मदतीसाठी दोन वर्षं हेलपाटे. अडलं कुठे? उत्पन्नाच्या दाखल्यावर. दाखल्यावर आकडा ४०,०००, योजनेची मर्यादा वर्षाला २१,०००. चौकशीला गेल्या तर उत्तर मिळालं, 'याच्या खाली आम्ही लिहीतच नाही.'

जरा हिशोब करा. २१,००० म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये. ६८ दिवस खडी फोडली की बाई 'निराधार' राहत नाही. आता हे मोबाइलवर कुठे शोधायचं, सांगा. मोबाइलवर लिहिलंय 'पात्र व्यक्तींनी अर्ज करावा'.

आणखी एक. नवरा ५२ व्या वर्षी गेला. घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला आणि घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असलं तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० मिळतात. मृत्यूचा दाखला देणाऱ्यानं सांगितलं नाही, तेराव्याला आलेल्या पुढाऱ्यानं सांगितलं नाही. यादी गावाकडची, २००२ ची, त्यात नाव सासऱ्याचं. ते सापडायला मला तीन रविवार लागले, आणि मला वाचता येतं.

माहिती नसते असं नाही हो. कुठला कागद आधी आणि कुठला नंतर, हे कुणी सांगत नाही. त्या ओळीत एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

करदाता

ताई, कॅरीबॅगची गोष्ट छान लिहिलीत. पण माझा मुद्दा त्या बाईंबद्दल नव्हताच. २०२४ मध्ये लाडकी बहीणचे अर्ज कसे भरले गेले ते विसरलात का? घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर असलेल्यांनीही भरले, मग छाननी, मग नावं कापली. ते अर्ज आकाशातून पडले? 'मदत' करणाऱ्यांनीच भरून दिले ना? माझ्या सोसायटीत, जिथं खाली दोन-दोन गाड्या उभ्या आहेत, तिथं टेबल टाकून भरून दिले. मागे बॅनर, बॅनरवर चेहरा.

निळी शाई

बॅनरवाल्यांचा हिशोब माझ्याकडे मागू नका. माझ्या मागे भिंत आहे, पोपडे आलेली.

सेतूवाला

आता आम्ही सेतू केंद्रवालेच राहिलो होतो, म्हणून लिहितो. दाखल्याची फी ३४ ची ६९ झाली २०२५ मध्ये, शिव्या कुणाला? आम्हाला. सर्व्हर बंद, शिव्या आम्हाला. तहसीलला सही अडकली, शिव्या आम्हाला. ताई रविवारी दोन तास बसून पुण्य कमावतात, आम्ही सहा दिवस बसतो. ६९ च्या जागी १०० घेतले तर लगेच लुटारू. झेरॉक्स, स्कॅन, माणसाला चार वेळा फोन करणं, ते काय फुकट?

माळावरची

@सेतूवाला १०० चं कोण बोलतंय? माझ्या दिराची बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करायची होती. कामगार मंडळाची फी १ रुपया. एक रुपया! एजंटनं २,००० घेतले. वर ९० दिवस काम केल्याचा दाखला 'तो मी बघतो' म्हणाला. दीर खरोखरचा गवंडी आहे, वीस वर्षं. त्याला खरा दाखला द्यायला एकही ठेकेदार तयार नाही, कारण सही केली की कामगार दाखवावे लागतात. आणि गल्लीत ज्यांनी आयुष्यात घमेलं उचललं नाही त्यांच्या घरी भांड्यांचा संच आला. कुकरसकट.

सेतूवाला

एजंट वेगळा, केंद्रचालक वेगळा. सगळ्यांना एकाच पोत्यात घालू नका.

माळावरची

पोतं तुमच्याच दुकानाबाहेर उभं असतं.

जुनं टेबल

मी तहसील कार्यालयात ३१ वर्षं काढली, शेवटची सात संगायो, म्हणजे संजय गांधी योजनेच्या शाखेत. थोडं दुसऱ्या बाजूनंही ऐका. '४०,००० च्या खाली लिहीत नाही' हे चूकच आहे, पण ते कशातून येतं? तलाठ्यानं १८,००० लिहून दिले, उद्या कुणी तक्रार केली की बाईंचा मुलगा कंपनीत आहे, तर नोटीस तलाठ्याला येते. त्यामुळे प्रत्येक जण स्वतःला वाचवणारा आकडा लिहितो. अर्ज भरून देणारे हितचिंतक तर आम्हाला जास्त डोकेदुखी. एका अक्षरातले चाळीस अर्ज, सगळ्यांत उत्पन्न २०,०००. अर्ज मंजूर करणाऱ्या समितीपुढे ठेवायचे कसे?

निळी शाई

साहेब, मग चौकशी करायची. घरी जायचं, चूल बघायची. आकडा आधीच ठरवून ठेवला तर ती चौकशी कसली?

जुनं टेबल

एका तलाठ्याकडे तीन-तीन सजे, म्हणजे तीन तलाठ्यांचा गावभाग होता आमच्याकडे. चूल कधी बघणार?

आधी_हक्क

दोघंही मूळ दुखणं सोडून बोलताय. निळी शाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुमच्यासारख्यांमुळेच कार्यालयं सुधारत नाहीत. २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. मुदतीत दाखला नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग. अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० दंड. तुम्ही तीन रविवार यादी शोधत बसलात, त्याऐवजी एक अपील ठोकलं असतं तर पुढच्या पन्नास बायकांचं काम झालं असतं.

निळी शाई

तेच म्हणाले मी त्यांना. उत्तर काय मिळालं माहितीये? "नको बाई, साहेब चिडतील. पुढच्या वर्षी हयातीचा दाखला घेऊन त्यांच्याच दारात जायचंय." दंड ५०० चा. भीती जन्माची. तुम्ही अपील लिहा, सही तिची लागते.

आधी_हक्क

मग भीती घालवणं हे काम आहे, फॉर्म भरणं नाही.

निळी शाई

बरं. ती घालवेपर्यंत तिनं काय खायचं?

कोरा कागद

मध्येच घुसतो. आमच्याकडे ना उत्पन्न अडलं ना एजंट. अडलं ते नाव. आजीच्या आधारवर 'ताराबाई', बँकेत 'तारा', रेशनकार्डावर 'ताराबाय', आणि शाळेच्या जुन्या दाखल्यावर माहेरचं नाव, तेही पाळण्यातलं वेगळंच. चार कागद, चार बायका. आधार बँकेला जोडायला गेलो तर मशीन म्हणतं, जुळत नाही. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, एकदा आधीच कुणीतरी बदलून 'बाई' लावून ठेवलेलं. माझी शेवटची गोळी शिल्लक होती, विचार करून झाडली.

माळावरची

घरोघरी हेच. लग्नानंतर नाव बदलण्याची सगळी किंमत बायकाच मोजतात.

ठाम_बोलणारी

म्हणूनच मी बदललं नाही. लग्नाला १४ वर्षं झाली, एकही कागद अडला नाही. सरकारी योजनांतला निम्मा घोळ त्याच दिवशी संपेल, ज्या दिवशी बायका नाव बदलणं थांबवतील.

करदाता

झालं, आला स्त्रीवाद. योजनांचा धागा आहे हा.

ठाम_बोलणारी

योजनेचाच मुद्दा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बाईचा आधार पुरला नाही, वर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. ज्यांचे दोघंही गेलेत त्यांनी ओटीपी स्वर्गातून मागवायचा होता का? विधवा बायकांनी ओरड केल्यावर मग पर्याय शोधले.

वडीलधारे

कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं तर कुटुंबप्रमुखाचा क्रमांक लागणारच. आणि नाव बदलणं ही आपली रीत आहे, त्यात कमीपणा कसला? माझ्या तिन्ही सुनांनी आनंदानं बदललं.

ठाम_बोलणारी

त्यांना विचारलंत, की त्यांच्या आनंदाची बातमी तुम्हीच दिलीत?

वडीलधारे

वयाचा मान ठेवून बोला.

कोरा कागद

अहो, मी फक्त आजीच्या 'बाय'बद्दल बोलत होतो.

माळावरची

वडीलधारे, रीत कुठली? आमच्याकडे नवऱ्यानं तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचं. माझं लिहिलं, ते पंगतीपर्यंत टिकलं. तांदूळ खीर करून खाल्ले, नाव गेलं. पण त्याआधी सासऱ्यांनी रेशनकार्डात तेच घालून ठेवलं. अकरा वर्षं तालुक्याला फेऱ्या मारतेय मी त्या खिरीपायी.

ठाम_बोलणारी

हे धाग्याच्या वर लावा कुणीतरी.

आधी_हक्क

सरकारनंही थोडं केलंय, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी. अर्थात ती मुलं योजनेच्या वयाची होईपर्यंत आपण कुणी नसू.

वडीलधारे

आणि तेव्हा चार नावं मावायला फॉर्मवर जागा नसेल, ते बघा. माझा शेवटचा प्रतिसाद.

करदाता

शेवटचा म्हणून हा तिसरा. बरं, निळी शाई, मूळ मुद्द्यावर येऊ? २१,००० ची मर्यादा मूर्खपणाची आहे, हे मान्य. असं माझ्या हातून वर्षातून एकदा लिहिलं जातं, जपून ठेवा. पण मर्यादा मूर्ख आहे म्हणून खोटा आकडा लिहायचा का? तुम्ही त्या बाईंच्या अर्जात काय लिहिलंत?

निळी शाई

खरं तेच. धुणीभांडी दोन घरी, दीड हजार महिना, पावसाळ्यात एकच घर. स्वयंघोषणापत्र जोडलं. साध्या कागदाचं चालतं, २०१५ पासून. तरी खिडकीवर पाचशेचा बॉण्ड मागितलाच. मार्च २०२५ मध्ये तो माफ झालाय, हे सांगितल्यावर 'आमच्याकडे पत्र नाही आलं'.

जुनं टेबल

पत्र येतं. गठ्ठ्यात असतं. एक करा. दाखल्याच्या अर्जाला पंचनामा मागा, लेखी. 'शेजारच्या दोन व्यक्तींसमक्ष पंचनामा करून उत्पन्न ठरवावे' एवढीच ओळ. आकड्याची जबाबदारी मग एकट्या तलाठ्याची राहत नाही, पंचांच्या सह्या असतात. तो लिहितो मग खाली. आणि अर्ज आवक-जावकला द्या, पोच घ्या, शिक्क्यावर तारीख दिसतेय का बघा. आमच्याकडचा शिक्का अर्धाच उमटायचा.

निळी शाई

हे तुम्ही खुर्चीवर असताना किती जणांना सांगितलंत, साहेब?

जुनं टेबल

विचारणारे एजंट होते. त्यांना सांगितलं नाही, एवढं तरी केलं.

सेतूवाला

सांगितलं असतं तर आम्हीही लिहिलं असतं ती ओळ. फी तीच.

माळावरची

पावतीसकट?

सेतूवाला

पावतीसकट. आज नाही, आज प्रिंटर बंद आहे.

निळी शाई

पंचनाम्याची ओळ मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावतेय, पोपड्यांवर. बाईंचा अर्ज गुरुवारी दिला, पोच आहे, तारीख दिसतेय. शेजारणीनं पंच म्हणून सही करायचं कबूल केलंय, तीच ती लाइट बिलवाली. 'आधी_हक्क', १५ दिवसांत दाखला आला नाही तर अपील तुम्ही लिहून द्या, मी त्यांना सहीपर्यंत आणते. जमलं तर.

आधी_हक्क

लिहून देतो. फॉर्म भरून देणं म्हणू नका त्याला.

कोरा कागद

आजीचं सांगायचं राहिलं. आधार 'तारा' केलं, बँकेशी जुळलं, पैसे सुरू झाले. आता रेशनवाला म्हणतो, ताराबाय कोण?