टी-३४/८५ वर वॉश पसरतोय, पिगमेंट गायब होतंय: थरांचा क्रम काय ठेवावा?

सुरवंट:
टी-३४/८५ या सोव्हिएत रणगाड्याचं १/३५ (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं) मॉडेल आहे. हिरवा अ‍ॅक्रिलिक एअरब्रशने मारलाय, फिनिश मॅट (बिनचमकीचं). इंजिन डेकवर (इंजिनावरच्या सपाट झाकणावर) तयार इनॅमल वॉश (खाचा उठून दिसाव्यात म्हणून लावतात तो पातळ गडद रंग) लावला, तर तो खाचांत न थांबता पसरला. पुसूनही काळपट डाग राहिलेत. शिवाय सुट्या तुकड्यावर बघितलं, तर पिगमेंटवर (धूळ दाखवायच्या कोरड्या रंगीत पुडीवर) मॅट व्हार्निश मारलं की धूळ दिसेनाशी होते. क्रम कसा असावा? चाकं अजून सुटी आहेत, ट्रॅक (चाकांवरचे साखळीपट्टे) व्हिनाइलचे.

रिव्हेट३५:
मॅट पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, त्यामुळे वॉश तिथेच मुरतो. आधी ग्लॉस अ‍ॅक्रिलिक व्हार्निशचे दोन पातळ हात द्या आणि २४ तास वाळू द्या. मग डिकल (आकडे-खुणांची चित्रं), त्यावर पुन्हा ग्लॉसचा एक हात, आणि मगच वॉश. अख्ख्या पत्र्यावर फासू नका. बारीक ब्रशचं टोक बोल्टच्या बुडाशी किंवा वेल्डच्या रेषेला नुसतं टेकवा, वॉश खाचेतून आपोआप धावतो. साधारण २० मिनिटांनी व्हाइट स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेल्या ब्रशने जास्तीचा काढा. उभ्या पत्र्यांवर ब्रश वरून खाली ओढा. वॉश पूर्ण वाळला की मॅट व्हार्निश, मग चिपिंग (रंग उडाल्याच्या खुणा), शेवटी पिगमेंट.

पिगमेंटवर व्हार्निश मारूच नका. कणांमधली हवेची जागा व्हार्निशने भरते, म्हणून रंग गडद होऊन धूळ दिसत नाही. कोरडं पिगमेंट कोपऱ्यांत ठेवा आणि बाजूला फिक्सरचा (पूड धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) थेंब सोडा, तो स्वतःहून आत ओढला जातो. थेट वरून थेंब टाकला तर गोल कडा उमटते.

लोखंडी_पट्टा:
चाकं सुटी आहेत तोवर आस आणि सस्पेन्शनचे आर्म प्रायमरने नीट झाका. उघड्या प्लास्टिकवर, विशेषतः ताणात बसवलेल्या जोडावर, वॉश साचला की सॉल्व्हंट आत शिरतो आणि आस तडकते. बहुतेकांचं लक्ष हुलच्या (रणगाड्याच्या धडाच्या) वरच्या बाजूकडे असतं, आणि मोडतं ते खाली.

व्हिनाइल ट्रॅक साबणाच्या पाण्याने धुवून अ‍ॅक्रिलिकनेच रंगवा. इनॅमल त्यावर चिकट राहू शकतं. टी-३४ ला वरचे रिटर्न रोलर (ट्रॅकचा वरचा भाग उचलून धरणारी छोटी चाकं) नाहीत, ट्रॅक थेट मोठ्या चाकांवर टेकतो. व्हिनाइल तिथे ताठ तरंगतो आणि सगळं खोटं दिसतं. प्रत्येक चाकाच्या माथ्यावर सुपरग्लूचा थेंब द्या, वाळेपर्यंत ट्रॅक दाबून धरा, दोन चाकांमध्ये हलकीशी झोळ ठेवा.

रिव्हेट३५:
झोळीबद्दल पूर्ण सहमत. चिपिंगबद्दलही एक: रबरी टायरच्या चाकांच्या कडेला चांदी रंग लावू नका. घासून चकाकतात ते ट्रॅकचे जमिनीला टेकणारे भाग. तिथे पेन्सिलचं ग्राफाइट बोटाने चोळलं की पुरे. जाड चिलखतावर भडक नारिंगी गंज नको. तो एक्झॉस्टच्या टोकांना आणि पातळ फेंडरच्या कडांना शोभतो.

सुरवंट:
डेकवरचे आत्ताचे डाग निघतील का? की पुन्हा रंग मारावा?

लोखंडी_पट्टा:
आधी व्हाइट स्पिरिटने हलक्या हाताने ओढून बघा. खालचा अ‍ॅक्रिलिक पूर्ण वाळलेला असेल तर त्याला काही होणार नाही. उरलेले डाग तिथे चालतात. इंजिन डेकवर तेल-इंधन सांडतंच, जाळ्यांभोवतीचा काळपटपणा खराच वाटेल. मात्र डागाची कडा तीव्र असेल तर मूळ हिरवा खूप पातळ करून त्या कडेवरच एअरब्रशने एक झुळूक द्या. सगळा डेक पुन्हा रंगवलात तर बोल्टचे बारीक तपशील बुजतील.