पडीक खाजन: खारफुटीला सोडायचं की पुन्हा भाताखाली आणायचं?

खाजनवाला (तिसवाडी)

परवा वाड्यावर बैठक झाली. विषय आमचं खाजन, म्हणजे गोव्यातली खाडीकाठची, बांध घालून भातासाठी राखलेली सखल जमीन. बांधाला भगदाड पडून नऊ वर्षं झाली. कोळंबीसाठी कुणी फोडला की पावसात आपोआप गेला, यावरून दोन घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत, ते असो. मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर करायच्या वाटेची, दारं कुजून गेलीत, भरतीचं पाणी दिवसातून दोनदा सरळ आत येतं. पहिल्या वर्षी कोरगूट (आमचा मीठ सोसणारा भात) करपला, दुसऱ्या वर्षी कुणी बी टाकलंच नाही, तिसऱ्या वर्षी तिवराची, म्हणजे खारफुटीची, रोपं दिसू लागली आणि आज डोक्यावरून जाणारं रान आहे.

आता कुळांपैकी निम्मे म्हणतात बांध घालूया. बाकीचे, त्यात शिकलेली पोरं जास्त, म्हणतात की राहू दे, खारफुटी कार्बन धरते, उद्या त्याचे पैसेही मिळतील. शिवाय ती तोडायला कायद्याने बंदी.

माझं म्हणणं असं की कार्बन हे एकच मूलद्रव्य नाही. माझ्या आज्याने त्या शेतात युरियाची एक गोण कधी टाकली नाही. कापणी झाली की मानस उघडायची, खारं पाणी आत घ्यायचं, मे महिन्यापर्यंत त्यात सुंगटं (कोळंबी), काळुंद्री, शेवटे असे मासे वाढायचे. त्यांची विष्ठा, कुजलेला पेंढा, भरतीबरोबर आलेला गाळ, हेच खत. जूनमध्ये पावसाने मीठ धुऊन नेलं की पेरणी. नत्र, स्फुरद, पालाश सगळं नदीने आणून घालायचं आणि आम्ही ते उकड्या तांदळाच्या पेजेतून प्यायचो.

आज तोच तांदूळ परराज्यातून येतो. तो युरियावर पिकतो. युरियात 46 टक्के नत्र, आणि ते हवेतून ओढायला नैसर्गिक वायू जाळावा लागतो. ती युक्ती हाबरने 1909 मध्ये दाखवली, 1913 पासून कारखान्यात सुरू झाली, तेव्हापासून जग तिच्यावर जेवतंय. पण मग माझ्या पडीक खाजनाच्या कार्बनच्या हिशेबात तो जळालेला वायू कोण धरणार?

तिवर

खाजनवाले बाब, आज्याचं शेत डोळ्यांसमोर उभं केलंत, पण हिशेब अर्धाच मांडलात.

खारफुटीच्या जंगलात खरा साठा झाडात नसतो, चिखलात असतो. पान गळतं, मूळ मरतं, गाळाखाली गाडलं जातं. तिथे प्राणवायू नाही म्हणून कुजणं जवळजवळ थांबतं. अशा चिखलात हेक्टरी वर्षाला साधारण दीड ते सव्वादोन टन कार्बन गाडला जातो. कर्बवायूच्या भाषेत साडेपाच ते आठ टन. दरवर्षी, वरचेवर, न काढता.

आता भाताचं बघा. सतत पाणी तुंबलेल्या भातशेतातून दिवसाला हेक्टरी सव्वा किलोच्या आसपास मिथेन निघतो. 110 दिवसांचं पीक धरलं तर 130 किलो. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या सुमारे 28 पट तापवतो, म्हणजे साडेतीन टनांवर गेलं. एकीकडे जमा, दुसरीकडे खर्च. तुमचा युरिया त्यात धरलात तरी हा फरक भरून निघेल असं मला वाटत नाही.

आणि गोव्यात खारफुटी आहे किती? वनसर्वेक्षणाच्या 2021 च्या अहवालात सुमारे 27 चौरस किलोमीटर. खाजनं सुमारे 18,000 हेक्टर सांगतात, म्हणजे 180 चौरस किलोमीटर. त्यातल्या पडीक तुकड्यावर चार तिवर उगवले तर एवढं काय बिघडलं?

कुडतरकर

भातपण कार्बन शोषतंच की!

तिवर

शोषतं ना. आणि तुम्ही सकाळी पेज पिऊन दुपारी वहाण घालून बाजारात जाईपर्यंत त्यातला निम्मा श्वासावाटे परत सोडता. पेंढा गुराने खाल्ला तरी तेच. फिरणारा कार्बन वेगळा आणि गाडलेला वेगळा, कुडतरकर.

फोंड्याची मास्तरीण

तिवर, तुमची मिथेनची सव्वा किलो गोड्या पाण्याच्या शेताची आहे. खाजन म्हणजे गोडं शेत नव्हे.

प्राणवायू संपला की चिखलातले जीवाणू दुसरं काहीतरी श्वासाला घेतात, आणि त्यालाही क्रम असतो. आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. काहीच उरलं नाही की शेवटी मिथेन बनवणाऱ्यांची पाळी. समुद्राच्या एका लिटरात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट असतं. जिथे खारं पाणी येऊन गेलंय तिथे सल्फेटवाले जीवाणू मिथेनवाल्यांच्या तोंडचा घास पळवतात. खाजनाला मिथेनचा वास नाही (त्याला वास नसतोच), सडक्या अंड्याचा वास असतो, तो याच गंधकाचा. पावसाने जमीन पुरती गोडी झाली की मिथेन वाढतो, हे खरं. पण पाऊस तिवराच्या चिखलावरही पडतो.

माझ्या वर्गाच्या खिडकीत एक पाण्याची बाटली आहे. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी खाजनातला चिखल घेऊन आली, त्यात कागदाचे कपटे आणि उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कालवला, वर खाडीचं पाणी. पहिले पंधरा दिवस नुसता राखाडी राडा. मग खालून काळा पडत गेला, पार डांबरासारखा. काळं म्हणजे लोह आणि गंधक एकत्र आलेलं. उन्हाच्या बाजूला हिरवा पट्टा, त्याच्यावर जांभळा, आणि अगदी वर, पाण्याला हवा लागते तिथे, नखाएवढी गंजाची साय. मुलांनी एक नियम केलाय, बाटली हलवायची नाही. हलवली की काळं वर येतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तपकिरी होऊन बसतं.

हे सांगायचं कारण खाजनवाल्यांसाठी आहे. तुमची नऊ वर्षं तुंबलेली जमीन म्हणजे हीच बाटली. खाली लोह-गंधकाचं खनिज साचलेलं असणार. बांध घालून पाणी काढलंत, ट्रॅक्टर घातलात, चिखलाला हवा लागली, की त्याच गंधकाचं गंधकाम्ल होतं. केरळात कुट्टनाडला काही जमिनी अशाच आंबटलेल्या आहेत. सामू (पीएच, आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) 4 च्या खाली गेला की मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळतं आणि मुळं करपतात. मग आज्याचा कोरगूट मीठ सोसेल, आम्ल सोसेलच असं नाही.

खाजनवाला (तिसवाडी)

बाई, हे मला नवीन. म्हणजे आमच्याकडे म्हणायचे "खाजन सुकू देऊ नये, सुकलं की रागावतं", ते यासाठी? आजा उन्हाळ्यात पाणी आत ठेवायचा ते माशांसाठी, एवढंच मी समजत होतो.

जांभा (सांगे)

लोहावरून माझा एक मुद्दा. आमच्या बाजूला खाणी. पावसात डोंगरावरून जो तांबडा लोंढा यायचा त्याने शेतं कशी भरली ते आम्ही पाहिलंय. तुमच्या मांडवीतही तोच गाळ उतरलाय, खनिज नेणाऱ्या बार्जीतून (सपाट बोटींतून) सांडलेला वेगळा. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा बंद, पण उतरलेला गाळ काय न्यायालयाच्या आदेशाने परत डोंगरावर चढत नाही.

आता स्फुरद. नत्राला निदान हवेची वाट आहे, येतं-जातं. स्फुरदाला वायूच नाही. ते दगडातून मातीत, मातीतून पाण्यात, आणि परत जमिनीवर यायचं तर मासा नाहीतर पक्षी पाहिजे. जांभ्या मातीतलं लोह ते असं घट्ट धरून बसतं की मुळाला सुटत नाही. पाणी तुंबलं, प्राणवायू गेला की लोह विरघळतं आणि स्फुरद सुटतं. म्हणून भाताला तुंबलेलं पाणी मानवतं. शेतातल्या साचल्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो ना, लोक म्हणतात कुणी तेल सांडलं. काडी मारून बघा. तेल असेल तर फिरून एक होतं, लोहाचा तवंग काचेसारखा तुकडे होऊन फुटतो.

किनाऱ्यावर रापणीत (ओढायच्या मोठ्या जाळ्यात) तारले मासे जास्त झाले की माडाच्या मुळात पुरायचे. ते काय उगाच? दर्यातलं स्फुरद जमिनीवर आणायची ती आपली पद्धत. मी खाजनवाल्यांच्या बाजूने. खारफुटी धरून ठेवते, खाजन फिरवतं.

दर्यावर्दी (दोना पावला)

"धरून ठेवते" हे दोष म्हणून सांगताय?

नदीने वाहून आणलेलं सगळं नत्र शेतात थांबत नाही. शेतं, सांडपाणी, गटारं यांचं पावसाळ्यात थेट समुद्रात जातं. आपल्या किनाऱ्यासमोर ऑगस्ट ते ऑक्टोबर खालचं कमी प्राणवायूचं पाणी वर सरकून उथळ भागात येतं. तळाशी प्राणवायू संपतो आणि तिथे जीवाणू नायट्रेट वापरायला लागतात. इथल्याच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवलं की पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा पाण्यातून नायट्रस ऑक्साइड भरमसाट तयार होतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या 270 पटीच्या घरात तापवतो. आणि जमिनीवरून येणारं नत्र हे त्याला खतपाणी घालत असावं, अशी त्यांची शंका होती.

खारफुटीचा चिखल हे नायट्रेट वाटेत अडवतो आणि बरचसं साधा नायट्रोजन करून हवेत परत सोडतो, आपण श्वासात घेतो त्या हवेत 78 टक्के आहे तोच. माझं मत तिवरच्या बाजूने, पण कार्बनसाठी नव्हे. नदीच्या तोंडाशी गाळणी हवी म्हणून.

कार्बनच्या पैशांबद्दल मात्र सावध राहा. 2009 मध्ये याच संस्थेने जर्मनांबरोबर दक्षिण महासागरात 300 चौरस किलोमीटर पाण्यावर लोह सोडून पाहिलं होतं, लोहाफेक्स म्हणत त्याला. हिशेब असा की तिथे लोहाची कमतरता, लोह दिलं की शेवाळ माजेल, मरून तळाला जाईल, कार्बन गाडला जाईल. शेवाळ थोडं वाढलं. पण कवचवाले डायाटम (शेवाळाचाच एक प्रकार) वाढायला पाण्यात सिलिका लागते, ती तिथे संपलेली होती. जे वाढलं ते बारीकसारीक, ते कोपेपॉडांनी (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक किड्यांसारख्या जिवांनी) खाऊन टाकलं. तळाला फारसं काहीच गेलं नाही. एक मूलद्रव्य ओतलं आणि दुसऱ्याने हात वर केले.

खाजनवाला (तिसवाडी)

दर्यावर्दी, हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे, तुम्हीच दिलंत म्हणून आभार. 😀

गाळणी म्हणाल तर खाजनही गाळणीच होती. फरक एवढाच की तिला राखणदार होता. भरतीला किती पाणी आत घ्यायचं आणि ओहोटीला किती सोडायचं ते मानशीवरचा माणूस ठरवायचा.

पाखाडी

सगळे नत्र-स्फुरद करताय, मूळ गोष्ट कुणी बोलत नाही. मानशीच्या मासळीचा लिलाव. तो पैसा शेतातल्या भातापेक्षा जास्त झाला त्या दिवशी खाजन मेलं. ज्याने लिलाव घेतला त्याला पाणी आत हवं, ज्याने भात लावला त्याला बाहेर. रसायनशास्त्र नंतर.

तिवर

पाखाडींशी सहमत, पण त्याने माझा मुद्दाच पुढे जातो. बांध घातलात तरी तो सांभाळणार कोण? कुळांची मुलं पणजीत आणि परदेशात. दोन वर्षांनी पुन्हा भगदाड पडलं तर? तिवर तोडल्याने नऊ वर्षांचा गाडलेला कार्बन हवेत, मास्तरीणबाईंचं गंधकाम्ल खाडीत, आणि भात शून्य. राहू दे म्हणण्यात निदान दुसऱ्यांदा बिघाड नाही. मास्तरीणबाईंच्या मुलांचाच नियम, बाटली हलवायची नाही.

फोंड्याची मास्तरीण

बाटलीचा नियम बाटलीपुरता हो. माझं मत विचाराल तर, बिनतपासणी बांध घालू नये आणि बिनतपासणी सोडूनही देऊ नये. नऊ वर्षांत सगळीकडे सारखं झालेलं नसतं. बांधाजवळची उंच पट्टी ओहोटीला सुकत असेल तर तिथलं गंधक कदाचित आधीच धुऊन गेलं असेल. खोलगट पोंयीला, म्हणजे खाजनातल्या पाणी साचणाऱ्या डोहाला, मात्र हात लावू नका. आणि लावायचंच झालं तर कोरगुटातून निवडलेली गोवा धान 1 आणि 2 ही वाणं पाहा, मीठ सोसतात. आंबटपणाला शिंपल्यांचा चुना, पण त्याआधी किती आंबट ते मोजा.

खाजनवाला (तिसवाडी)

मोजायचं कसं? माती-तपासणीला दिली होती मागे एकदा, पिशवी हरवली म्हणाले.

फोंड्याची मास्तरीण

दोन बाटल्या घ्या. एकीत ताजा चिखल, वर पाणी, झाकण घट्ट. दुसरीत तोच चिखल, पसरट ताटलीसारखा, हवेवर, ओलसर ठेवायचा. दोन-तीन महिन्यांनी दोन्हींचा सामू बघा. हवेवरचा 4 च्या खाली गेला तर त्या जागी फावडं नको. 5 च्या वर राहिला तर आपण पुढे बोलू. चार-पाच जागांचा घ्या, खूण करून.

तिवर

मी येईन. मला आकडे पाहिजेत, बाजू नंतर. पण तिवराची मुळं तोडून चिखल काढायचा नाही, आधीच सांगतो.

खाजनवाला (तिसवाडी)

या, तिवरबाब. रविवारी ओहोटीला. फेरीबोटीवरून उतरलात की उजवीकडचा बांध, भगदाडाच्या अलीकडे थांबा. जुने कपडे घाला, त्या चिखलाचा वास दोन धुण्यांत जात नाही. बाटल्या मी धुऊन ठेवतो, फेणीच्या आहेत, चालतील ना, बाई?