ताणामुळे डोंगर उंच कसे होतात?

प्रश्न: भूकवच ताणले गेले तर जमीन खचायला हवी, मग अमेरिकेतील युटा राज्यातील वासॅच पर्वतरांग प्रस्तरभंगालगत (ज्या भेगेवरून दोन्ही बाजूंचे खडक सरकतात तिच्यालगत) एवढी उंच कशी, आणि हे भूवैज्ञानिक कशावरून ठरवतात?

उत्तर 1: तिरक्या भंगतलावरून एक बाजू घसरून खोरे बनते आणि दुसरी, भार हलका झाल्याने, थोडी वर येते. आयडाहोतील बोरा शिखराजवळ 1983 मध्ये झालेल्या 6.9 तीव्रतेच्या भूकंपाआधीच्या व नंतरच्या उंचीमापनांची तुलना केली असता, डोंगर जेवढा चढला त्याच्या कितीतरी पट खोरे खचल्याचे दिसले.

उत्तर 2: तो एकाच भूकंपाचा हिशेब झाला. वासॅच भंगावर आडवे चर खणून, गाडल्या गेलेल्या मातीचे कार्बनद्वारे वय काढून जुने भूकंप ओळखतात. लाखो वर्षांच्या इतिहासासाठी अपॅटाइट या खनिजाचे स्फटिक उपयोगी पडतात: युरेनियमच्या विखंडनाने (अणुकेंद्र फुटण्याने) त्यांत उमटलेले सूक्ष्म ओरखडे खडक साधारण 110 अंश सेल्सिअसखाली थंड झाल्यावरच टिकतात.

प्रश्नकर्ता: म्हणजे खडक थंड झाला तेव्हाच डोंगर उंचावला, असे समजावे का?

उत्तर 2: नाही, आणि ही गल्लत फार जण करतात. थंड होण्यावरून खडक पृष्ठभागाच्या जवळ आला एवढेच कळते. वरचा थर नुसता झिजला तरीही तसे घडते.