अनुभव धागा : अंशी उतरून समुद्राकडे

खानापूरची_माई
आज शनिवारच्या बाजारात खाऱ्या बांगड्याच्या टोपलीजवळ उभी होते आणि कारवारजवळचं माजाळी आठवलं. माझी मावशी तिथं दिलेली. लहानपणी सुट्टीला रामनगर, जोयडा, अंशी, कद्रा असं बसनं जायचो. अंशीच्या घाटात झाडी इतकी दाट की भर दुपारी ड्रायव्हर दिवे लावायचा. कद्र्याला घाट संपला की हवा चिकट व्हायची आणि आई आमचे स्वेटर काढायची.

माजाळीतनं टेकडी चढून पलीकडं उतरलं की तीळमाती. गाडीरस्ता नाही, वर झाडी, खाली समुद्र. वाळू काळी, तिळासारखी भरड. मावशी ओंजळभर घेऊन लाटेत धुवायची, मग एकेक दाणा वेगळा चमकायचा. वाड्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायचं मोठं जाळं, ओढायला लहानथोर सगळे. दोराला हात लावेल त्याला वाटा. मला पोरीला पण पेडवे मासे मिळाले होते, परकराच्या ओच्यातनं घरी नेले. अख्ख्या लग्नसराईत मिळाला नसेल एवढा मान वाटला होता.

जंगलाआडची अशी किनाऱ्यावरची गावं कुणी बघितली असतील तर लिहा. कुठलीही चालतील.

टिळकवाडीकर
पावसात जाणार असाल तर अंशीचं आधी विचारून घ्या. २०२१ च्या जुलैत दरडी येऊन रस्ता बंद होता. बाकी जागा एक नंबर. धनेश बघितला, पंखांचा आवाज आधी येतो, पक्षी मागनं दिसतो.

रामनगरचा
माई, रामनगर म्हणालात म्हणून लिहायलोय. आमचं मूळ गाव सुपा. ते आज धरणाखाली आहे. तिथनं उठवलेल्यांचंच हे रामनगर. आज्जा कारवारला गेला की आधी काळी नदीच्या पुलावर थांबायचा. आमच्या दारातनं वाहणारी नदी इथं समुद्राला मिळते म्हणून हात जोडायचा. मागं गाड्या हॉर्न वाजवायच्या, तो हलायचा नाही. समुद्र बघायला म्हणून तो कधीच गेला नाही, नदीलाच भेटायला गेला.

खानापूरची_माई
वाचून डोळे भरले की हो. आज्जांना नमस्कार.

निपाणी_एक्सप्रेस
तो पूल पडला ना?

सदाशिवगड_माहेर
जुना पडला, ७ ऑगस्ट २०२४ ला, रात्री. एक ट्रक नदीत गेला, ड्रायव्हरला वाचवायला आमचे मच्छीमारच धावले. नव्यावरनं वाहतूक आहे.

माझं सांगते. पौष पौर्णिमेला कूर्मगड बेटावर नरसिंहाची जत्रा असते. कोडीबाग नाहीतर बैतखोलवरनं होडीनं जायचं. नवसाला केळी. सजवलेल्या होड्या रांगेनं निघतात, मागं सह्याद्री हिरवागार, हे एकदा बघाच. पण लाईफ जॅकेट घातल्याशिवाय पाय ठेवू नका, कोण हसलं तरी. २०१९ साली जत्रेहून परतणारी होडी उलटली, किती माणसं गेली. त्या वर्षी आमच्या गल्लीत कुणी जत्रेचं नाव काढलं नाही.

टिळकवाडीकर
होय, आठवतंय. फार वाईट झालं होतं.

भाजीवाली_सुनंदा
मी समुद्रापर्यंत पोचलेच नाही 😄 जोयड्यातच थांबलो. कुणब्यांनी लावलेले कंद बघितले काय कुणी? मुडली, कोनफळ. एकेक मुडली हातभर लांब. आज्जी विकताना सांगत होती, उकडून नुसत्या मिठाबरोबर खा, मसाला घालून वाया घालवू नको. तसंच खाल्लं. तिचं बरोबर होतं.

निपाणी_एक्सप्रेस
जूनमध्ये जायलोय, ताजी मासळी मिळंल काय?

सदाशिवगड_माहेर
१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, माशांचा विणीचा काळ. खाडीतलं थोडं मिळतं. नाहीतर घराघरांत सुकं असतंच. खारा बांगडा चुलीवर भाजून, वर खोबरेल, सोबत पेज. ऑगस्टनंतर या, आमच्याकडंच या.

निपाणी_एक्सप्रेस
आलोच समजा!

शहापूरची_सून
अहो ते बांगड्याच्या कालवणात तिरफळं घालतात ना, बेळगावात कुठं मिळतात? इथं दुकानदार मिरी दाखवायलाय 😀 कुकर लावलाय, लवकर सांगा

सदाशिवगड_माहेर
गोव्याचं सामान ठेवणाऱ्याकडं विचारा. आतलं काळं बी काढून टाका, फक्त सालं घ्या. वाटू नका, ठेचून शेवटी घाला.

शहापूरची_सून
किती घालू? चार बांगडे आहेत.

सदाशिवगड_माहेर
सात-आठ बास.