मैदानाचं आरक्षण: अख्खी जागा घ्यावी की निम्मी पदरात पाडून घ्यावी?

(चौघांची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मातीचं मैदान

विकास आराखड्यात 'खेळाचे मैदान' म्हणून आरक्षित असलेले खासगी भूखंड महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत आहेत. संपादनाला पैसे नाहीत म्हणून महापालिका मालकाशी समावेशक आरक्षणाची बोलणी करते. एका भागात मालकाने इमारती बांधायच्या आणि उरलेला भाग मैदान म्हणून पालिकेच्या ताब्यात द्यायचा. मैदानांच्या बाबतीत ही वाट बंद व्हावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दवाखाना किंवा मंडई इमारतीच्या खालच्या दोन मजल्यांवर बसवता येते. मैदानावर मजले चढवता येत नाहीत.

एक हेक्टरचा चौरस धरा, १०० बाय १०० मीटर. त्यात ९० बाय ४५ चं फुटबॉलचं मैदान बसतं. शेजारी खो-खोचं २७ बाय १६ चं, कबड्डीची १३ बाय १० ची दोन आणि कडेने चालायची वाट. आता समजा पालिकेला ४० टक्केच मिळाले, म्हणजे ४० बाय १०० ची पट्टी. फुटबॉल तिथेच संपला, कारण रुंदीच ४५ भरत नाही. क्रिकेटचा चेंडू पहिल्या मजल्याच्या काचेवर जाणार. मग तक्रार होते, जाळी लागते, फाटकाला वेळा ठरतात, हिरवळ अंथरली जाते आणि शेवटी 'आत खेळू नये' अशी पाटी येते. कागदावर मैदान राहतं, मुलं मात्र रस्त्यावर.

सातबारा

मोजमाप बरोबर आहे, पण तुम्ही घड्याळाकडे बघत नाही आहात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम १२७ वाचा. अंतिम आराखडा अमलात येऊन १० वर्षं झाली आणि जागा संपादित झाली नाही, तर मालक मालकीहक्काच्या कागदांसह खरेदी सूचना, म्हणजे 'जागा संपादित करा' अशी नोटीस, देतो. तिथून २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठीची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मग शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते सगळं तिथे बांधता येतं. मैदान शून्य टक्के.

'पावलं' म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या निकालात सांगितलंय. सभागृहाचा ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवलेला प्रस्ताव पुरत नाही, संपादनाची घोषणा निघावी लागते. सूचना आवकमध्ये पडते, नगररचना, मालमत्ता आणि लेखा या विभागांत फिरते आणि प्रस्ताव तयार होईपर्यंत दीड वर्ष गेलेलं असतं.

त्यात पैसे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी भागात बाजारमूल्य आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे सरळ दुप्पट. झाडं आणि बांधकामं असतील तर त्यांचे वेगळे. दहा-पंधरा आरक्षणांच्या सूचना एकदम आल्या की कुठलीही पालिका हात वर करते. 'सगळं किंवा काहीच नाही' म्हणणाऱ्यांच्या हातात 'काहीच नाही' येतं. म्हणून मी म्हणतो, ४० तर ४०, पण आज ताब्यात घ्या.

मातीचं मैदान

पैसे हा एकच मार्ग असल्यासारखं लिहिताय. कलम १२६ मध्ये तीन मार्ग आहेत: करार, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसऱ्या भूखंडावर वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा चटईक्षेत्र (जादा बांधकामाची परवानगी), आणि सक्तीचं संपादन. टीडीआरमध्ये पालिकेचा रुपयाही जात नाही आणि पूर्ण जागा मिळते.

समावेशक आरक्षणात मैदानासाठी सोडलेल्या भागाचं चटईक्षेत्रही मालक उरलेल्या भागावरच वापरतो, याचा हिशेब कोणी मांडत नाही. एक हेक्टरला मूळ चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१ धरला तर ११,००० चौरस मीटर बांधकाम. ६० चौरस मीटरचं एक घर धरलं तर १८३ घरं, चार माणसांच्या हिशेबाने ७३२ माणसं. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सांगितली आहे. कमीत कमी १० धरलं तरी ७,३२० चौरस मीटर लागतील, आणि मैदान आहे ४,००० चं. नव्याने आलेल्यांनाच ते पुरत नाही. ज्या जुन्या वस्तीसाठी आरक्षण टाकलं होतं, तिच्या वाट्याला उणे जागा आली.

चटईक्षेत्र

टीडीआरबद्दल दोन गोष्टी. एक, मालकाची संमती लागते. सातबाऱ्यावर सतरा वारस असतील आणि दोघांचा दावा कोर्टात असेल, तर टीडीआरची फाइल पुढे सरकत नाही. दोन, टीडीआर हवेत विरत नाही, कुठेतरी उतरतो. ज्या भूखंडावर तो वापरायचा तिथला रेडी रेकनर (जमिनीचा सरकारी) दर जास्त असेल, तर त्या प्रमाणात क्षेत्र घटतं. शिवाय ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर तो वापरता येत नाही. म्हणून सगळा टीडीआर रुंद रस्ते असलेल्या दोन-चार उपनगरांत जाऊन पडतो. तिथली माणसं वाढतात, मैदानं तेवढीच राहतात. एका वस्तीचं मैदान दुसऱ्या वस्तीच्या गर्दीने विकत घेतलेलं असतं. तरीही मैदानासाठी मी टीडीआरच निवडेन, कारण टीडीआर उतरतो तिथे पुढच्या आराखड्यात नवं आरक्षण टाकता येतं. इमारतींखाली गेलेलं मैदान परत मिळत नाही.

पाणलोट

पाण्याचा मुद्दा राहिला. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर. तासात ५० मिलिमीटर पडला तर ५ लाख लिटर. उघड्या मुरमाच्या मैदानात त्यातला चांगला हिस्सा जिरतो. काळ्या मातीत पहिल्या सरींनंतर जिरणं मंदावतं, तरी पाणी काही तास मैदानात तुंबून राहतं आणि नाल्यावर एकदम भार येत नाही. तेच क्षेत्र पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटखाली गेलं की जवळजवळ सगळं पाणी मिनिटांत गटारात. मैदानाखाली वाहनतळ काढला तर वर हिरवळ असूनही जिरणं बंद, कारण खाली स्लॅब आणि वर जेमतेम मीटरभर माती. वड-पिंपळ त्यात तगत नाहीत.

मातीचं मैदान

मनोरंजनाची जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर (इमारतीच्या खालच्या मजल्यांच्या छतावर) नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेच डिसेंबर २०१३ मध्ये म्हटलंय. मग मैदानाखाली तळघर कसं चालतं?

सातबारा

तो निकाल मुंबईच्या त्या वेळच्या नियमावलीतल्या लेआउटच्या, म्हणजे गृहप्रकल्पाच्या आत सोडायच्या, मनोरंजन जागेबद्दल आहे, आराखड्यातल्या आरक्षणाबद्दल नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि हरकतीत त्यांची सरमिसळ केली की सुनावणीत मुद्दा तिथेच बाद होतो. लेआउटची जागा त्या सोसायट्यांची असते. आरक्षित मैदान सगळ्या शहराचं.

आणि अर्धं मैदान घ्यायचं तर अटी घालूनच घ्यावं, यावर आपलं एकमत व्हावं. मैदान एका सलग तुकड्यात आणि शक्य तितकं चौकोनी असावं. इमारतींच्या मागची चिंचोळी पट्टी घेऊ नये. सार्वजनिक रस्त्याला त्याचं स्वतःचं फाटक असावं, सोसायटीच्या आवारातून वाट नको. खाली तळघर, वर रॅम्प किंवा ट्रान्सफॉर्मर नको. सर्वांत महत्त्वाचं, मोजणी करून मिळकत पत्रिकेवर पालिकेचं नाव लागेपर्यंत पहिल्या इमारतीचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रही देऊ नये. ताबा भोगवटा प्रमाणपत्राच्या (इमारत वापरायच्या परवानगीच्या) वेळेवर ढकलला की संपलं. फ्लॅट विकले जातात, रहिवासी राहायला येतात, मैदानावर विकासकाचं सिमेंटचं गोदाम तसंच राहतं.

मातीचं मैदान

अटी योग्य आहेत. पण त्या पाळल्या गेल्या तरी माझा ७३२ माणसांचा हिशेब बदलत नाही. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

चटईक्षेत्र

ते उत्तर समावेशक आरक्षणाच्या चौकटीत नाहीच, हे मान्य. त्यामुळे काम आधी सुरू व्हायला हवं. आराखडा मंजूर झाल्यापासून आठव्या वर्षी वॉर्डातल्या प्रत्येक मैदानाच्या आरक्षणाचा भाग नकाशा आणि झोन दाखला काढा. खरेदी सूचना आलीय का, आली असल्यास कोणत्या तारखेला, हे माहिती अधिकारात विचारा. सूचनेची तारीख कळली की २४ महिने मोजता येतात आणि अंदाजपत्रकात तरतुदीची मागणी वेळेत करता येते. आरक्षण बदलायचं असेल तर कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतीला महिना मिळतो. कलम १२७ खाली आरक्षण व्यपगत होताना कोणालाच हरकतीची संधी नाही, थेट राजपत्र येतं. लोकांना मैदान गेल्याचं कळतं ते पत्रे ठोकले गेल्यावर.

सातबारा

हरकत देताना एकच मजकूर छापून पाचशे सह्या घेऊ नका, सुनावणीत ती एकच हरकत धरली जाण्याची शक्यता असते. प्रत्येकाने भूखंड क्रमांक, आराखड्याचा शीट क्रमांक आणि स्वतःचा एक मुद्दा लिहावा आणि पोच घ्यावी. जुन्या मैदानांसाठी विद्यमान जमीन वापर नकाशाही तपासा. तिथे वापरात असलेलं मैदान 'मोकळी जमीन' म्हणून रंगवलेलं असेल, तर पुढच्या आराखड्यात आरक्षण टाकायचं कारणच कागदावर उरत नाही. ती दुरुस्ती प्रारूप आराखडा प्रसिद्ध होण्याआधी मागायची असते.