बाबांचं आजारपण आणि शेजाऱ्यांची मदत, किती घ्यायची?

बाबांची बायपास झाली, परळला आयसीयूत आहेत, आज ६ वा दिवस. आम्ही डोंबिवलीचे, रोज लोकलने ये-जा. समोरच्या काकू दोन्ही वेळचा डबा देतात, लेकीला शाळेतून आणतात, बिल्डिंगमधल्या दोघांनी तर ऑपरेशनआधी येऊन रक्त दिलं. आता फार संकोच वाटतोय हो, काकूंना डब्याचे पैसे देऊ का?

उत्तर १:
पैशाचं नाव काढू नकोस गं, त्या दुखावतील. माझ्या सासूबाईंच्या वेळी शेजारच्या वहिनी रात्री माझ्यासोबत नुसत्या बाकड्यावर बसायच्या, काही बोलायच्या पण नाहीत, तरी केवढा आधार वाटायचा, आज १२ वर्षं झाली मी विसरले नाहीये.

उत्तर २:
‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्यांना खरंच काम सांगा. रक्त परत लागलं तर त्याच दोघांना ३ महिने देता येणार नाही, बायकांना तर ४, त्यामुळे बाकीच्यांचे रक्तगट आत्ताच लिहून ठेवा. आणि महात्मा फुले योजनेचं, म्हणजे सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेचं विचारलंत का? त्या हॉस्पिटलला योजना असेल तर आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची माहिती देणारे मदतनीस तिथेच भेटतात, रेशनकार्ड आणि आधार कोणाकरवी तरी घरून मागवून घ्या.

प्रश्नकर्ती:
रेशनकार्ड घरीच राहिलंय! चावी काकूंकडे आहे, आत्ताच फोन करते.