दिवाळीनंतरच्या सेलमध्ये खरंच स्वस्त मिळतं का? फ्रिज आणि बस्ता दोन्ही बाकी आहे, मदत हवी आहे

कापूसवाला_अमळनेर:

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमच्याकडे कोरडवाहू कापूस. नोकरीवाल्यांना दिवाळीआधी बोनस येतो आणि ते तेव्हाच खरेदी उरकतात, आपलं उलटं असतं, पहिली वेचणी घरात आली की दिवाळी निघून गेलेली असते आणि हातात पैसा खेळतो तो त्यानंतर. त्यामुळे घरात कायम एकच वाक्य, "दिवाळी होऊ दे, मग सेल लागतो, तेव्हा घेऊ." यंदा, म्हणजे 2025-26 च्या हंगामात, हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8,110 आहे पण खेडा खरेदीवाला दारात येऊन सात हजाराच्या आतच मागतो, सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस खरेदीला, द्यायचा तर ॲपवर नोंदणी करा मग नंबर लागायची वाट बघा, म्हणजे जो पैसा येतो तो मोजून खर्च करायचा आहे.

दोन खरेद्या बाकी आहेत. एक, आईसाठी फ्रिज, जुना सतरा वर्षांचा झाला, दाराला रबर राहिलेलं नाही, दोरी बांधतो. दुसरी, बहिणीचं लग्न फेब्रुवारीत, बस्ता फाडायचा आहे.

आता खरा प्रश्न. नवरात्रात मी तालुक्याच्या गावी एका दुकानात फ्रिज बघून ठेवला होता आणि सवयीने त्यावरच्या किमतीच्या कार्डाचा फोटो काढला होता. एमआरपी 38,990, ऑफर 27,500. परवा त्याच दुकानात गेलो तर बाहेर मोठं पोस्टर, दिवाळीनंतरचा महासेल, फुगे वगैरे, आणि त्याच फ्रिजवर नवीन कार्ड, एमआरपी 41,490, सेल किंमत 28,200, "32% सूट", वर कुकर फ्री. मॉडेल नंबर तोच, मी फोटोशी अक्षर न अक्षर ताडून बघितला. कार्डाचा कोपरा उचकटलेला होता, नखाने थोडा वर केला तर खाली जुनंच कार्ड, 38,990 चं. म्हणजे सूट वाढली आणि फ्रिज 700 नं महाग झाला! सेल्समनला दाखवलं तर म्हणे "भाऊ, जीएसटी कमी झाला त्याचा फायदा यात धरलेला आहे." मला काही कळेना, कर कमी झाला तर किंमत वर कशी जाईल.

तर सांगा: १) दिवाळीनंतरच्या सेलला काही अर्थ असतो का की नुसतं पोस्टर? २) फ्रिज आत्ता घेऊ का थांबू? ३) बस्त्याचं सेलमध्ये जमेल का? आई रोज विचारते.

---

जुना_काउंटर:

भाऊ, मी जळगावात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बरीच वर्षं काउंटरवर काढली, आता सोडलं, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

आधी जीएसटीचं. 22 सप्टेंबर 2025 ला जे 28 चे 18 टक्के झाले ते एसी, 32 इंचापेक्षा मोठे टीव्ही आणि डिशवॉशर यांचं. फ्रिज आणि वॉशिंग मशीन जुलै 2018 पासूनच 18 टक्क्यात आहेत, त्यांचं यंदा काहीच बदललं नाही. तुला जे सांगितलं ते एकतर त्याला माहीत नाही किंवा तुला माहीत नसेल असं धरून चाललाय. आणि एसीवर सुद्धा लोक समजतात दहा टक्के उतरले, तसं नाही, 128 चे 118 होतात, म्हणजे पावणेआठ टक्क्याच्या आसपास.

दुसरं, कार्डावरची एमआरपी बघूच नको. कार्ड दुकानदार छापतो. खोक्यावर छापलेली बघ, तिथेच बनवल्याचा महिना आणि साल पण असतं. छापलेल्या एमआरपीवर जास्त आकड्याचं स्टिकर लावता येत नाही, कमी करायचं असेल तर लावता येतं पण जुना आकडा झाकायचा नाही, असा नियम आहे. खोक्यावर 38,990 असेल तर कार्डावरचे वरचे अडीच हजार हवेतले.

आता सेल का लागतो ते. दिवाळीआधी कंपनी टार्गेट देते, एवढा माल उचला तर एवढी स्कीम. दुकानदार उचलतो. जे विकलं गेलं ते गेलं, उरलेलं गोडाऊनमध्ये पैसा अडकवून बसतं, आणि थंडीत फ्रिज-एसी विचारतो कोण. तिथे खरी घासाघीस होते. पण ती पोस्टरवर नसते, ती तोंडी असते. पोस्टरवरचा भाव हा बोलणी सुरू करायचा आकडा असं समज.

हप्त्याने घेणार असशील तर, "नो कॉस्ट" मध्ये व्याज कोणीतरी भरतंच, बऱ्याचदा दुकानदार किंवा कंपनी, आणि मग ते किमतीत बसवलेलं असतं. वर प्रोसेसिंग फी आणि त्यावर जीएसटी. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असली गोष्टच नसते. त्यामुळे रोखीचा भाव वेगळा विचार, कुकर नको म्हणून वेगळा विचार. तीन आकडे निघतील बघ.

---

भरीतप्रेमी_भो:

फुकट कोन देस रे भो, दुकानदार काय आपला मामा शे का 😀

कुकरचे पैसे फ्रिजमधीच शेत. बाकी वरचे भाऊ बरोबर बोलले. मी मागल्या वर्षी 50% + 20% वाचून 70% समजलो होतो, हजाराचा शर्ट 300 ला मिळेल म्हणून लाईनीत उभा राहिलो, बिल 400 चं आलं. आधी अर्धे, मग उरलेल्या अर्ध्यावर वीस.

---

धुळ्याची_ताई:

दादा, बस्त्याचं मी सांगते, आमच्या घरात दोन वर्षांत तीन लग्नं झाली.

सेलच्या ढिगाऱ्यात आहेराच्या साड्या घ्यायला जाऊ नका. वाटतं स्वस्तात पंचवीस उरकतील, पण सेलमध्ये एका डिझाइनच्या दोन नाहीतर तीन उरलेल्या असतात, बाकी वेगवेगळ्या प्रतीच्या. मग मांडवात चालू होतं, मोठ्या काकूला ती आणि मला ही का. आमच्याकडे एक आत्या अजून त्या साडीवरून बोलते. आहेराचं एकरकमी बस्त्यातच घ्या, सगळा बस्ता एकाच दुकानात बांधला की शेवटी मालक स्वतः समोर बसतो आणि टोटलवर तुटतं, ते कुठल्याही सेलपेक्षा जास्त असतं. चहा दोनदा झाल्याशिवाय उठू नका, माझा अनुभव आहे. आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, म्हणजे शालू आणि भारी साड्यांना आत्ता उलट मागणी आहे, त्यावर कोणी सेल का लावेल?

सेलमध्ये घरच्यांचे, पोरांचे रेडीमेड कपडे घ्या. तिथे खरं स्वस्त मिळतं कारण साइज तुटलेल्या असतात, तुमच्या मापाचं असेल तर नशीब. एक बारीक गोष्ट, शिवलेल्या कपड्याला नगाला 2,500 पर्यंत 5 टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर 18. म्हणून 2,800 चा कुर्ता सेलमध्ये 2,400 ला आला तर करही पाचवर उतरतो, बिलात तेवढं तपासा. साडी उजेडात उलगडून बघा, घडीवर रंग उडालेला असतो, दुकानात ट्यूबलाइटखाली दिसत नाही.

आणि बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलेलं असलं तरी खराब निघालेल्या मालाला ते चालत नाही, बिलावर परतीची मुदत दिलेली नसेल तर 2019 च्या ग्राहक कायद्यात त्यासाठी तीस दिवस धरलेले आहेत. आवडलं नाही म्हणून परत, हे मात्र दुकानदाराच्या मर्जीवर. पक्कं बिल घ्या म्हणजे झालं, आणि नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ला फोन लावा.

---

कापूसवाला_अमळनेर:

ताई, जुना_काउंटर भाऊ, दोघांचे लई आभार. भरीतप्रेमी, तुझं पण 😀

काल आईला घेऊन गेलो. सरळ म्हटलं खोकं दाखवा. पहिले म्हणे गोडाऊनला आहे, मग म्हणे पोरगा जेवायला गेला, आम्ही बसून राहिलो, आईने डब्यातली दशमी काढली तिथेच. मग खोकं आलं. एमआरपी 38,990, बनवलेला फेब्रुवारीत. मी काही भांडलो नाही, फक्त फोटो पुढे केला, नवरात्रातला. मालक स्वतः उठून आला आणि ते कार्ड काढून खिशात घातलं.

तीन आकडे विचारले. हप्त्याने कुकरसकट 28,200. रोख कुकरसकट 27,000. रोख, कुकर नाही, 26,100. म्हणजे तो फुकटचा कुकर 900 चा निघाला आणि नवरात्रातल्या "ऑफर" पेक्षा 1,400 कमी, पण पोस्टरमुळे नाही. कंप्रेसरची गॅरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात ना, खोक्यावरच्या महिन्यापासून नाही, हे जुना_काउंटर भाऊ तेवढं सांगा, बाकी वर्षाला किती युनिट खातो ते लेबलवर बघून घेतलंय.

अजून घेतला नाही, कापसाचे पैसे जमा व्हायचे आहेत. येताना एसटीत आई म्हणे, "कुकर चांगला होता रे पण, तीन लिटरचा."

---

जुना_काउंटर:

बिलाच्या तारखेपासून. बिलावर सिरियल नंबर टाकून घे, आणि तो खोक्यावरच्या नंबरशी जुळतो का बघ, डिस्प्लेचा पीस गळ्यात मारू देऊ नको. कुकर भांड्याच्या दुकानातून घे आईला.